पहाऱ्यावरचे सासरे

मुलांपायी सोडलेली नोकरी परत मिळवायची, तर पाचच्या ऑनलाइन मुलाखतीत तिला स्वतःचा प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. त्यासाठी घरच्या संगणकावर डेटाबेसचं मॉड्यूल बसणं भाग होतं. पण चालू बटण दिसलं की वीज वाचवायला सासऱ्यांचे हात शिवशिवत. सकाळपासून दोनदा त्यांनी संगणक मधेच बंद केला होता. शेवटी तिने त्यांनाच पहाऱ्यावर बसवलं. “बाबा, मी धाकटीला शाळेतून आणते. संगणकाला कोणीही हात लावायचा नाही.” ती परतली, तर सासरे छत्री रोखून बसलेले, पडद्यावर प्रश्न लुकलुकतोय: ‘पुढे जाऊ?’ “कधीपासून विचारतंय हे?” “तू गेलीस तेव्हापासून. मी दाद दिली नाही.” तिने कीबोर्डकडे हात नेला, तशी छत्री आडवी आली. “कोणीही म्हणजे तूसुद्धा!” पाच वाजत आले. “बाबा, बाथरूममधला दिवा उगाच जळतोय.” सासरे छत्री टाकून धावले. तिने ‘होय’ दाबलं.