पत्राचे पेढे

"नवी नोकरी लागली व्हय, मल्लाप्पा?" पेढ्यांचा पुडा बघून शेजारच्या काकूंनी विचारलं.

"न्हाई काकू, बावीस वर्षांची जुनीच हाय. नव्या कायद्यानं मालकाला नेमणुकीचं पत्र द्यावं लागलं, त्याचं पेढं!" पण पुड्याचा दोरा न सोडताच तो कोपऱ्यावरच्या आकारामदादांच्या सायकल-दुकानात गेला.

दहा वर्षांपूर्वी दोघं एकाच यंत्रमाग कारखान्यात होते. तेव्हा असंच पत्र दादांनी सगळ्यांसाठी मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकानं त्यांना फाटकातूनच परत पाठवलं, कायमचं. मल्लाप्पा मान खाली घालून तुटलेलं सूत जोडत राहिला होता.

दादांनी ग्रीसचे हात पुसून पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. मल्लाप्पानं दोरा सोडून पुडा पुढे धरला.

"अरे येड्या, पहिला पेढा देवापुढं ठेवायचा असतोय."

"तेच करतोय की, दादा."