मशीन म्हणते डुक्कर

‘मशीन म्हणते ना डुक्कर आहे? मंग दाखव डुक्कर!’ शेजारचा बकाराम शेताच्या धुऱ्यावर उभा राहून हसत होता.

भुवनेश्वर धानाच्या बांधीत वाकून खुरांच्या खुणा शोधत होता. खुणा नव्हत्या. एक लोंबीही मोडलेली नव्हती. तरी रोज सूर्य टेकला की त्याच्या मोबाइलवर मशीनचा निरोप यायचा: बांधीत डुक्कर. हा बिचारा गोंदियातलं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान वेळेआधी बंद करून बिरसीला धावत यायचा आणि बकाराम फुकटचा तमाशा बघायला हजर असायचा.

मशीन म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा एक स्वस्तातला कम्प्युटर. ना पडदा, ना कीबोर्ड, नुसती उघडी हिरवी पट्टी. भुवनेश्वरनं ती जेवणाच्या डब्यात बसवली, वर सोलर, बाजूला कॅमेरा आणि भोंगा लावला आणि डबा बांबूला बांधला. रानडुकरांचे ढीगभर फोटो दाखवून तिला शिकवलं, की काळं, बुटकं, चार पायांवर चालणारं काही दिसलं तरच ओरडायचं. माणूस दिसला तर गप्प बसायचं. नाहीतर निंदणाऱ्या बायांना उगाच शिव्या बसल्या असत्या.

शिव्या फुलवंताबाईंच्या, म्हणजे भुवनेश्वरच्या मायच्या होत्या. ‘हाट् मेल्या! कुठी शिरून राहिला रे? लाज नाई वाटत? निंग माया बांधीतून!’ हा आवाज भोंग्यात भरला आणि पहिल्याच संध्याकाळी डुकरांचा अख्खा कळप नाल्यापलीकडे पळाला. फुलवंताबाईंनी ही गोष्ट अर्ध्या गावाला सांगितली. उरलेल्या अर्ध्या गावानं ती भोंग्यातून ऐकलीच होती.

पण त्यांचा नवरा नत्थूलाल, त्याच्या तोंडाला लगाम कधीच नव्हता. चार पाहुण्यांदेखत तो बोलून गेला, ‘मले ही डब्यातली फुलवंता बरी. बटन दाबलं का चूप होते.’ पाहुणे हसले. फुलवंताबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या कुडव्याला लेकीकडे निघून गेल्या. नवरा स्वतः घ्यायला येत नाही तोवर बिरसीत पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. नत्थूलालचाही हेका होता. ‘आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं यीन. मी कायले जाऊ?’

मधल्या मधे हाल भुवनेश्वरचे. बाप करपलेला भात वाढायचा आणि वर ‘मस्त झाला ना?’ असं विचारायचा. दिवाळी तोंडावर आली होती. ही दोघं हट्टापायी म्हातारपण असंच वेगवेगळं काढतील की काय, याची त्याला धास्ती होती. त्यात मशीनही बिघडली. त्यानं वायर बदलली, बॅटरी बदलली, ऊन लागू नये म्हणून सोलर आणि कॅमेरा मोकळा ठेवून डब्याभोवती पोतं गुंडाळलं. निरोप यायचे थांबेनात. स्वस्तातल्या मालावर भरवसा ठेवला हीच आपली चूक, असं त्याला वाटू लागलं.

मशीनच्या बाजूनं तेवढा नत्थूलाल होता. आधी तिला खेळणं म्हणणारा हा माणूस आता रोज दुपट्ट्यानं सोलर पुसायचा. ‘डुक्कर येते. मी सोता रोज पाहून राहिलो,’ तो ठासून सांगायचा. ‘मशीनले हात लावू नोको.’

गावात नेट धड नव्हतं, म्हणून मशीन नुसता निरोप धाडायची. फोटो आतल्या कार्डात पडून राहायचे. एकदा ते बघून सोक्षमोक्ष लावावा, असं भुवनेश्वरनं ठरवलं. रविवारी बाप बाजाराला गेलेला पाहून त्यानं डबा सोडला आणि मोटरसायकलवर टाकून कुडव्याला नेला. तिथे त्याच्या बहिणीकडे, रिंकीकडे, मोठा टीव्ही होता. त्याला मशीनची वायर आणि मशीनला दुकानातला माऊस जोडला की झाला कम्प्युटर.

फुलवंताबाई टीव्हीसमोर शेंगा सोलत बसल्या होत्या. ‘रिंकी विचारून राहिली, बाबूजी नीट जेवतेत का म्हून,’ त्या शेंगांकडे बघतच म्हणाल्या. रिंकीनं काहीच विचारलं नव्हतं.

पहिला फोटो उघडला. पिवळं धान, संध्याकाळचा उजेड आणि धुऱ्यावर काहीतरी काळं, बुटकं, चार पायांवर.

‘पाह्य! डुक्कर आहे!’ भुवनेश्वर आनंदानं ओरडला. मशीन खरी ठरली होती.

रिंकी टीव्हीच्या जवळ गेली. ‘भाऊ, डुकराले चष्मा राहते का?’

भुवनेश्वरनं फोटो मोठा केला. पाठीवर काळं कांबळं, गुडघे आणि तळवे धुऱ्यावर टेकलेले, मान खाली घातलेली. नत्थूलाल रांगत होता. त्यानं दुसऱ्या संध्याकाळचा फोटो उघडला. नत्थूलाल. तिसऱ्या संध्याकाळीही नत्थूलालच. शिव्या संपेपर्यंत मशीन फोटो काढत राहायची. त्यातल्या शेवटच्या फोटोंत कांबळं बाजूला पडलेलं होतं आणि बाप धुऱ्यावर मांडी घालून, डोळे मिटून, भोंग्याजवळ कान नेऊन बसला होता.

रिंकीचं हसू मधेच थांबलं. फुलवंताबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, उठून पदर खोचला आणि पोरावर खेकसल्या,

‘मशीन तं तू इथी घेऊन आला! मंग आज सांजेले तुया बाबूजीले शिव्या कोन देईन? काढ गाडी!’