झुकतं माप

"हलायचं नाही, बोलायचं नाही. नाकानं श्वास घे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गुलाबी लगद्यानं भरलेला ट्रे त्यांनी मुंगीच्या वरच्या दातांवर दाबून बसवला.

मुंगी हे तिचं बॉक्सिंग क्लबातलं नाव. अंगानं लहान, पण एकदा चिकटली की सुटायची नाही, म्हणून सरांनीच ठेवलेलं. सर आत्ताही शेजारच्या स्टुलावर बसले होते, हातातलं काम टाकून. वडील गेल्यापासून दवाखाना असो की निकालाचा दिवस, तिच्याशेजारी तेच असायचे.

गेल्या आठवड्यात निवड चाचणी झाली. तिच्या वजनी गटात संघात एकच जागा होती आणि शेवटची लढत होती सरांच्या सख्ख्या पुतणीशी. "दोन्ही डोळे माझेच," असं म्हणून सर मुंगीच्या कोपऱ्यात उभे राहिले. माणूस असावा तर असा, क्लबभर बोललं गेलं. अखेरच्या फेरीआधी त्यांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि कानाशी वाकून सांगितलं, "तू पुढे आहेस. आता उगाच अंगावर जाऊ नकोस. सांभाळून खेळ."

ती सांभाळून खेळली. पंचांनी हात उचलला तो पुतणीचा.

त्या संध्याकाळी सर घरी आले. "माझाच अंदाज चुकला गं पोरी," म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. उलट मुंगीनंच त्यांची समजूत घातली. चहाचा कप खाली ठेवताना त्यांनी विचारलं, स्पर्धेच्या शिबिराला पुतणीबरोबर जाशील का, रोज तिच्यासमोर सरावाला उभी राहायला. तुझ्याइतकी चिवट दुसरी कुणी नाही. मुंगी हो म्हणाली. हरलो तर हरलो, रडीचा डाव खेळणाऱ्यांतली ती नव्हती.

म्हणून आज हे माउथगार्डसाठी, दातांवर बसवायच्या रबरी कवचासाठी, माप. बाईंनी दोन नमुने समोर ठेवले होते. पातळ, ते लढतीचं. त्यात श्वास मोकळा राहतो. आणि जाड, ते दिवसभर ठोसे झेलणाऱ्यांचं. मुंगीचा हात सवयीनं पातळ नमुन्याकडे गेला.

"जाडच करा," सर म्हणाले. "हिचे दात जपायला हवेत."

तिला बरं वाटलं होतं. इतका विचार आणखी कोण करतं?

लगदा घट्ट व्हायला थोडा वेळ होता. ट्रे धरून उभ्या असलेल्या बाईंना गप्प बसवेना.

"सर, तुमच्या पुतणीला बसलं ना हो नीट? संघाच्याच रंगात हवं म्हणून हटून बसली होती. मी म्हटलं, अगं, आधी निवड तर होऊ दे! तर म्हणते, झालीच समजा. एक चाचणी तेवढी उरलीय, ती नावापुरती. काय आत्मविश्वास असतो एकेकीचा!"

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थिजलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

मुंगीचा जबडा आवळला.

"दाबू नकोस, दाबू नकोस!" बाई ओरडल्या. मग तिच्या कानशिलांवरून ओघळणारं पाणी त्यांना दिसलं. "मळमळतंय का? होतं असं पहिल्यांदा. झालंच हं."

ट्रे निघाला. मुंगी उठून बसली. बोलायला आधी सुरुवात सरांनीच केली, घाईघाईनं.

"हे बघ, भलतंसलतं मनात आणू नकोस. त्या रंगाचं सामान बाहेरून मागवावं लागतं, वेळ जातो. म्हणून आधीच सांगून ठेवलं, इतकंच. ती पोर आहे, बडबडते काहीतरी. तुम्हा दोघींपैकी कुणीही जिंकू शकलं असतं."

मुंगीनं तोंड पुसलं. ओठाला चिकटलेला लगद्याचा तुकडा काढून तिनं शेजारच्या ताटलीत टाकला.

"मग तेव्हाच माझंही माप का नाही घेतलंत, सर?"