एकच सीट

गिऱ्हाईक सहकुटुंब आलं होतं, हार-नारळ घेऊनच. रणधीरनं विकायला काढलेल्या मसल कारचं इंजिन सुरू केलं तशी गल्ली हादरली. गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या आईनं दार उघडून आत डोकावलं. लोखंडी पाइपांच्या पिंजऱ्यात ड्रायव्हरची एकच सीट.

"आणि मी कुठं बसू रं?"

नारळ परत गेला. हे सातवं गिऱ्हाईक.

शर्यतीसाठी गाडी हलकी करायची म्हणून रणधीरनंच बाकीच्या सीटा उपटून टाकल्या होत्या. तेव्हा त्याच्या आईनंही हेच विचारलं होतं. "तुला आता कुठं जायचंय?" म्हणत तो हसला होता.

छातीत कळ येऊन ती कोसळली, तेव्हा गाडी दारातच होती. तिला हातांवर घेऊन तो रिक्षाची वाट बघत राहिला. रिक्षा आली तोवर आई गार पडली होती.