ओली चटई

लुलू टोपलीत शिरायला तयार नव्हती. चारही पंजे काठाला रोवून ती कोम्बो नाखव्याच्या तोंडाकडे बघत होती. नाखवा तिची नजर चुकवत होता.

"घाला हो आत," त्याची बायको सलामा दारातून म्हणाली. तिने बाहेर जायचा काळा बुरखा, बुइबुइ, अंगावर चढवला होता आणि आता माघार नाही असा तिचा चेहरा होता. "डॉक्टरीणबाई लघवीचा आजार म्हणाली तर औषध करू. नाही म्हणाली, तर तिथूनच मासळीबाजारात सोडून यायचं. नमाजाच्या चटईवर मुतणारं मांजर मला घरात नको."

मासळीबाजारातली मांजरं म्हणजे नुसते गुंड. माशांच्या आतड्यासाठी एकमेकांचे कान फाडतात. चौदा वर्षांची लुलू तिथे दोन दिवससुद्धा टिकली नसती. हे नाखव्याला ठाऊक होतं आणि सलामालाही.

महिन्याभरात चार वेळा चटई ओली झाली होती. आमच्या लामू बेटावर मांजराचा मान मोठा. त्याने तोंड लावलेलं पाणीसुद्धा नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला चालतं. पण मूत ते मूत. चारही वेळा पहाटे नाखव्यानेच बोंब ठोकली होती, "हिने बघ काय केलंय!" आणि चटई धुऊन गच्चीवर वाळतही त्यानेच घातली होती. त्याच महिन्यापासून त्याने मशिदीत जाणं सोडलं होतं. पहिल्या रांगेतली त्याची तीस वर्षांची जागा रिकामी राहू लागली होती. विचारलं की म्हणायचा, गुडघे दुखतात.

लुलूचं मात्र खरंच काहीतरी बिघडलं होतं, आणि ते आधी सलामाच्या लक्षात आलं. मासा पुढे ठेवला की लुलू धावत यायची, जीभ लावायची आणि मागे सरायची. खाल्लंच तर मान वाकडी करून, एकाच बाजूने. हनुवटी सदा लाळेने ओली. अंग चाटणं बंद झालं होतं आणि पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येत होते.

"म्हातारी झालीय ती," नाखवा म्हणायचा.

"म्हातारं झालं म्हणून कुणी उपाशी राहत नाही," सलामा म्हणायची. "कुठेतरी दुखतंय तिला. तिला बोलता येत नाही, एवढंच."

तर असे ते दोघं टोपली घेऊन धक्क्यावरच्या गाढवांच्या दवाखान्यात आले. मंगळवारी तिथे मांजरंही बघत. डॉक्टर नेकेसा मुख्य भूमीवरची, वयाने लहान, पण हात शांत. तिने लुलूचे डोळे पाहिले, पोट चाचपलं, सुईने थोडी लघवी काढून तीत कागदाची पट्टी बुडवली. नाखवा एके काळी वादळाआधी आभाळाकडे बघायचा, तसा त्या पट्टीकडे बघत राहिला. पट्टीचा रंग काही बदलला नाही.

मग तिने लुलूचा जबडा उघडला आणि नाक आक्रसलं.

"हे बघा. मागची दाढ सडलीय, हिरडीत पू आहे. खाताना कळ जाते तिला, म्हणून मागे सरते. आजच काढून टाकते. आठवड्याभरात मासा मागून मागून खाईल. बाकी वयाच्या मानाने ठणठणीत आहे."

"आणि मुतण्याचं काय?" सलामाने विचारलं.

"लघवी अगदी स्वच्छ आहे, आजी. आजार म्हणावा असं काही दिसत नाही."

"म्हणजे खोडच लागली." सलामा उठली. "दाढ तेवढी काढा. मग चला हो बाजारात."

नाखवा उठला नाही. त्याने टोपली मांडीवर ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. फाटक्या शिडाने मोम्बासा गाठणारा माणूस, पण आता बायकोकडे बघायला धजत नव्हता.

"तिने नाही केलं," तो म्हणाला. "मी केलं. चारही वेळा मीच. सज्द्याला कपाळ टेकायला वाकलो की आवरत नाही. मशिदीत चारचौघांत असं झालं तर तोंड कुठे लपवू? हिच्यावर ढकललं, हिला काय बोलता येतंय. तू मला हवं ते बोल, पण तिला बाजारात नको सोडूस."

बाहेर एक गाढव फुरफुरलं. मग डॉक्टरीण त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली.

"बाबा, मी जनावरांची डॉक्टर. पण माझ्या वडिलांनाही हेच झालं होतं. वर्षभर लपवलं त्यांनी. शेवटी गोळ्या घेतल्या, आता बरे आहेत. माणसांच्या डॉक्टरला दाखवा, लाजू नका."

नाखव्याने असा श्वास सोडला, जणू महिनाभर तो छातीतच अडकला होता. त्याला एकदम हलकं वाटलं. मग बायकोची आठवण झाली आणि त्याने भीत भीत मान वर केली.

सलामाचे डोळे भरले होते, पण ती रागावलेली नव्हती. तिने बुइबुइच्या आतून एक घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"सरकारी दवाखान्यात आज अकरा वाजताचा नंबर आहे तुमचा. परवाच लावून आले."

"परवा? आणि ते मासळीबाजाराचं?"

"स्वतःसाठी तोंड उघडलं असतंत तुम्ही? लुलूसाठी तरी उघडाल, म्हटलं."

"पण तुला कळलं कसं?"

सलामाने टोपली त्याच्या मांडीवरून काढून स्वतःच्या मांडीवर घेतली. लुलूच्या ओल्या हनुवटीखाली तिने बोट फिरवलं.

"मांजर चटई ओली करील एक वेळ," ती म्हणाली. "पण पहाटे उठून ती धुऊन वाळत घालणारं मांजर मी अजून पाहिलेलं नाही."