मशीनमधली बाई

"मॅडम, या मशीनमंदी एक बाई शिरली," असं म्हणून पुंजाजीने कानामागचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "मले नाई पायजे. ठेवा तुमच्यापाशीच."

वाशीमच्या त्या छोट्या दवाखान्यात मशीन जुळवून देणाऱ्या साधना मॅडमने कसंबसं हसू दाबलं.

पुंजाजी केनवडचा भाजीमळेवाला. लहानपणी ताप आला आणि जाताना त्याचे अर्धे कान घेऊन गेला. ट्रॅक्टर, ढोल, बैलाचं हंबरणं, सगळं जाड ते ऐकू यायचं. बारीक आवाज मात्र नावालाही नाही. यंदा ऑपरेशन करून मशीन बसवलं. आधी सगळं पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाजायचं. मग मेंदू हळूहळू शिकला. कुकरची शिट्टी आली, सायकलची घंटी आली, चिमण्या आल्या. स्वारी अशी खुशीत, की आल्यागेल्याला हाताला धरून चिमण्या ऐकवायची.

आणि मग ती बाई आली. मळ्यातून घराकडे यावं, तर आत कोणीतरी गोड, बारीक आवाजात बोलतंय. दारात पाय ठेवावा, तर बाई गायब आणि घरात एकटी भागिरथा. बायकोचा आवाज तर अख्ख्या केनवडला ठाऊक. तिने आपल्या बैलाला दटावलं की शेजारचेही बैल जागच्या जागी उभे राहायचे. गाव तिला फौजदारीण म्हणायचं, आणि हे नाव ठेवलं होतं खुद्द पुंजाजीने.

पण आता तो मनातून घाबरला होता. घरात नसलेली बाई ज्याला ऐकू येते, त्याला लोक काय म्हणतात हे त्याला माहीत होतं. डोकं फिरण्यापेक्षा चिमण्या गेल्या तरी चालतील.

"घरात बायका किती, काका?" मॅडमने यंत्र पुन्हा पुंजाजीच्या कानामागे लावून विचारलं.

"ही एकच, लेक तं सासरी. अन् हिचा आवाज तं तुमी आयकलाच!"

शेजारच्या खुर्चीत भागिरथा पदराशी चाळा करत बसली होती. मॅडमने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"काकू, त्या पडद्याआड जा. लेकीशी फोनवर बोलता तसं माझ्याशी बोला."

पडद्यामागून बारीक, मऊ आवाज आला. "काय बोलू बाई आता? यायनं तं माह्यं पितळच उघडं पाडलं."

"हीच! हीच बाई घरात बोलून राह्यली!" पुंजाजी ताडकन उठला.

पडदा सरला. बाहेर भागिरथाच आली.

"काका, मशीन फक्त आवाज पोचवतं. कोणाचा आहे ते मेंदू ओळखतो," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मेंदूने हा आवाज मशीन बसेपर्यंत ऐकलाच नव्हता. ओळखणार कसा?"

पुंजाजी खुर्चीत बसला. "मंग इतके वर्स तू कायले गरजत होती वं?"

"नवी नवरी होती, तवाच समजलं मले. बारीक बोललं तं तुमी नुसते हासत. जाड बोललं तं जबाब देत." भागिरथा अजून त्याच मऊ आवाजात बोलत होती. "मले जबाब पायजे होता."

पुंजाजीला शब्दन् शब्द ऐकू आला.