अळीचा वाटा

मारेगावजवळच्या वावरात भगवानरावांनी कपाशीचं एक बोंड फोडलं. आत गुलाबी अळी होती. बोंड तसंच हातात घेऊन ते घरी आले. "अळी मारणारी बीटी कपाशी आली तवा फवारणीचा खर्च वाचला, त्यातून घरावर स्लॅब टाकला. आता बीटीतच अळी. हे झालं कसं?" कृषी पदविका केलेल्या सुनेनं, उर्वशीनं, कोठीतला पत्र्याचा डबा काढून उघडला. पूर्वी बीटीच्या थैलीसोबत साध्या कपाशीचं एक छोटं पाकीट यायचं. अळी खाऊन टाकते, जागा वाया जाते, म्हणून गावात ते कोणीच पेरत नसे. बी फेकवत नाही म्हणून भगवानराव ते या डब्यात टाकत. उर्वशीनं त्यातलं एक पाकीट त्यांच्या हातात दिलं. "मामाजी, हे वावराच्या कडेनं, धुऱ्यावर पेराचं होतं. अळीसाठी." "अळीसाठी कायले?" "साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगल्या असत्या. बीटी पचवणारी एखादी निघाली, तरी तिची जोडी त्यायच्यातच जमली असती, अन् त्या मिश्र पिल्लायले बीटी पचली नसती, मेली असती. आपण साध्या ठेवल्याच नाही. मंग पचवणाऱ्याच वाढल्या." भगवानरावांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे तिचा वाटा मी डब्यात भरून ठेवला." मग एकदम म्हणाले, "पुढल्या साली पेरून पाहू काय?" उर्वशीनं पाकिटावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "आता नाही उगवणार, मामाजी. मुदत कवाचीच संपली." भगवानरावांनी हातातलं बोंड पुन्हा उघडलं. अळी निवांत सरकी खात होती.